बोलोच्या पात्यावरचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्याला राजे आठवतात, लढाया आठवतात, फार तर तहनामे. पण शेतकऱ्याच्या कमरेला लटकणारे साधे अवजारही इतिहास सांगत असते. फिलिपाइन्स बेटांतला बोलो हे त्यांतलेच एक.

आपला कोयता डोळ्यांपुढे आणा. कोयत्याचे पाते वाकलेले असते; बोलोचे बहुधा सरळ जाऊन टोकाकडे रुंद होते. वजन पुढे, म्हणून हात फार न शिणता घाव जोरात बसतो. नारळ फोडा, बांबू तोडा, झाडी साफ करा, एकच पाते पुरते. १८९६ साली स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव झाला, तेव्हा बंदुका थोड्या होत्या. बोलो मात्र घरोघर होता. शेतातले अवजार रणात गेले ते असे.

१८९८ मध्ये स्पेनने ही बेटे अमेरिकेला दोन कोटी डॉलरांना दिली. तेथल्या लोकांना कोणी विचारले नाही. पुढच्याच वर्षी युद्ध पेटले. २८ सप्टेंबर १९०१ रोजी सामार बेटावरील बालांगिगा गावच्या लोकांनी बोलो घेऊन अमेरिकन तुकडीवर हल्ला केला. ४८ सैनिक पडले. सूड भयंकर निघाला. जनरल जेकब स्मिथने बेट उजाड करण्याचा हुकूम दिला. त्याबद्दल १९०२ साली त्याला लष्करी न्यायालयापुढे उभे राहावे लागले. गावच्या चर्चमधून नेलेल्या तीन घंटा परत आल्या त्या थेट डिसेंबर २०१८ मध्ये!

आता गंमत पाहा. ज्या पात्याचा धसका घेतला, तेच पाते जेत्यांनी आपलेसे केले. अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्र कारखान्यात १९०४ च्या नमुन्याचा बोलो लष्करी इस्पितळ पथकासाठी घडला. पुढे १९०९, १९१० आणि १९१७ चे नमुने आले. काम मुख्यतः झाडी तोडण्याचे. पण १५ मे १९१८ च्या रात्री फ्रान्समध्ये हेन्री जॉन्सन या कृष्णवर्णीय अमेरिकन शिपायाने, बंदूक निकामी झाल्यावर, बोलोनेच जर्मन टोळी परतवली आणि जखमी सोबत्याला वाचवले. फ्रान्सने त्याचा तेव्हाच गौरव केला. त्याच्या स्वतःच्या देशाचे सर्वोच्च शौर्यपदक मिळायला २०१५ साल उजाडले; तोवर त्याला जाऊन जवळजवळ ८६ वर्षे झाली होती.

असा जुना बोलो हाती आला तर काय करावे? पुष्कळांचा पहिला विचार असतो, सहाणेच्या चाकावर धरून लखलखीत करावा. तसे करू नका. पात्यावर कारखान्याचे नाव, साल, ‘यू. एस.’ ही अक्षरे ठोकलेली असतात. चाकाखाली ती जातात, आणि पाते तापले तर त्याचे पाणी उतरते ते वेगळेच.

आधी नीट निरखा. काळपट तपकिरी थर घट्ट बसलेला असेल तर तो राहू द्या. तो लोखंडाचे रक्षण करतो. तांबडा, बोटाला लागणारा गंज हा खरा शत्रू. त्यावर घासलेटात भिजवलेले फडके रात्रभर गुंडाळून ठेवा, सकाळी पोलादी तारेच्या बारीक चोथ्याने हलके पुसा, मग तेलाचा पातळ हात द्या. अक्षरांवर जोर नको. लाकडी मुठीला जवसाचे तेल चोळून जास्तीचे पुसून टाका. मूठ हलते म्हणून नवी बसवू नका, जुनीच सावरा. आणि पाते चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षे ठेवू नका. चामडे ओल धरते, त्यातली कमावणीची द्रव्ये लोखंड खातात. म्यान शेजारी ठेवावे.

शिक्षकबंधूंनो, बोलो आपल्या गावात सापडणार नाही. पण आजोबांचा कोयता, पाटलाच्या वाड्यातली तलवार, लोहाराचा जुना घण सापडेल. मुलांना ते घासून चमकवायला सांगू नका. त्यावरच्या खुणा वहीत उतरवून घ्यायला सांगा, आणि ते कोणी, कशासाठी वापरले हे घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारायला लावा. गंज पुन्हा काढता येईल. पुसलेली खूण काही परत येत नाही.