सीलला दाखला, नवऱ्याला नाही!

जपानात राहायला गेलेला परदेशी माणूस आधी वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवतो. पण १९५२ च्या कायद्याने परदेश्यांचं दप्तरच वेगळं होतं. १९५५ पासून त्यात बोटांचे ठसेही द्यावे लागत. ते २००० साली पूर्ण थांबले. जपानी बायकोच्या 'जूमिनह्यो'त, म्हणजे रहिवासी दाखल्यात, परदेशी नवरा मात्र कुटुंबीय म्हणून आपोआप येत नसे. आणि २००३ मध्ये योकोहामातल्या एका वॉर्डाने नदीत आलेल्या 'तामाचान' या सील प्राण्याला कौतुकाने तोच दाखला दिला! परदेशी रहिवाशांनी गालांवर मिशा रंगवून मोर्चा काढला. जुलै २०१२ पासून परदेशी रहिवासीही त्याच नोंदवहीत आले. रांगा, फॉर्म कुणाला चुकलेत? पण घराच्या कागदावर घरातली सगळी माणसं असावीत, एवढं तर हवंच ना?