मनगटी घड्याळाची निगा व दुरुस्ती : एक दुर्लक्षित इतिहास (१९६१ ते २०१६)

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास सामान्यतः शोधांचा व उत्पादनाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. यंत्र कोणी शोधले, कारखाना केव्हा उभा राहिला, याच्या नोंदी मिळतात. मात्र ते यंत्र पुढे वर्षानुवर्षे चालते कोणी ठेवले, हे क्वचितच नोंदले जाते. मनगटी घड्याळ हे याचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत निबंधात भारतातील मनगटी घड्याळाच्या इतिहासाकडे घड्याळजीच्या, म्हणजेच घड्याळदुरुस्ती करणाऱ्या कारागिराच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

स्वदेशी घड्याळ

स्वातंत्र्यपूर्व काळात मनगटी घड्याळ ही प्रामुख्याने परदेशातून येणारी वस्तू होती. वेस्ट एंड, फेव्हर ल्युबा यांसारखी स्विस घड्याळे मुंबईच्या बाजारपेठेत परिचित होती. १९५३ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्स (एच.एम.टी.) या सार्वजनिक उद्योगाने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूर येथे घड्याळनिर्मिती सुरू केली. तिचे सतरा खड्यांचे 'जनता' घड्याळ मध्यमवर्गीयांच्या मनगटावर आले. परीक्षेतील यश, पहिली नोकरी, जावयाचा मान अशा प्रसंगी घड्याळ देण्याची रीत रुळली. अशी भेट आयुष्यभर टिकावी, ही अपेक्षा त्यामागे होती. ही अपेक्षा केवळ कारखान्याच्या बळावर पुरी होणारी नव्हती.

यंत्र आणि निगा

'जनता'सारख्या किल्लीच्या घड्याळातील बॅलन्स चाकाची लय तासाला १८,००० ठोक्यांची, म्हणजे दिवसाला ४,३२,००० ठोक्यांची असते. घर्षण कमी करण्यासाठी आसांची टोके कृत्रिम माणकाच्या खड्यांत बसवलेली असतात व तेथे तेलाचा सूक्ष्म थेंब लागतो. काही वर्षांत हे तेल सुकते, त्यात धूळ मिसळते आणि घड्याळ मागे पडू लागते. कोकणासारख्या दमट प्रदेशात घाम व ओलावा आत शिरून पोलादी भाग गंजतात. म्हणून घड्याळ बंद पडण्यापूर्वीच ते पूर्ण खोलून, धुऊन, नवे तेल देऊन पुन्हा जुळवणे आवश्यक असते. दिवसाला एक मिनिटाची चूक म्हणजे अवघी ०.०७ टक्के, एवढा फरक घालवण्यासाठी केसासारख्या बारीक स्प्रिंगवर काम करावे लागते.

हे कौशल्य पुस्तकातून क्वचितच आले. डोळ्याला भिंग लावून, चिमटा हाती घेऊन, वडिलांच्या किंवा उस्तादाच्या शेजारी बसून ते शिकले जाई. सुटा भाग मिळेनासा झाला की बंद घड्याळाचा भाग काढून दुसऱ्यात बसवला जाई. एकाच नमुन्याची घड्याळे मोठ्या संख्येने वापरात असल्यामुळेच हे शक्य होत असे.

क्वार्ट्झचे परिवर्तन

२५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइको कंपनीने क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले. आजच्या सर्वसाधारण क्वार्ट्झ घड्याळात स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो व त्यावरून काटे फिरतात. अचूकता वाढली, रोजची किल्ली गेली. भारतात १९८४ साली स्थापन झालेल्या टायटनने या तंत्रावर भर दिला. ग्राहकाचा लाभ निर्विवाद होता; मात्र दुरुस्तीचा अर्थ पालटला. स्वस्त घड्याळाचे यंत्र बिघडल्यास ते संपूर्ण बदलणेच सोयीचे ठरू लागले. सेल व पट्टा बदलणे हाच अनेक घड्याळजींचा मुख्य उद्योग उरला. पुढे मोबाईलने वेळ पाहण्याची गरजही काहीशी हिरावून घेतली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एच.एम.टी.चा घड्याळ व्यवसाय बंद करण्यास मंजुरी दिली.

समारोप

कारखाना बंद झाल्याची तारीख इतिहासाला ठाऊक आहे. एखाद्या गावातील शेवटचा घड्याळजी दुकान केव्हा आवरतो, याची नोंद कोठेच होत नाही. वस्तुतः कारखान्याने घड्याळ घडवले आणि घड्याळजीने त्याला आयुष्य दिले. हे ज्ञान हातात व नजरेत साठलेले असल्याने कारागिराबरोबरच ते नाहीसे होते. आजही जुनी किल्लीची घड्याळे जपणारे लोक व ती दुरुस्त करणारे वृद्ध कारागीर आहेत. त्यांच्या मुलाखती, त्यांची हत्यारे व त्यांच्या हिशेबाच्या वह्या यांचे संकलन इतिहास विभागातील विद्यार्थी स्थानिक पातळीवर सहज करू शकतील. हे कार्य लांबणीवर टाकण्याजोगे मात्र नाही.