थंड पाण्यांत पडलेला माणूस

माघांत पहांटे गोदावरीच्या घाटावर उतरून ज्यानें कधीं बुडी मारली असेल, त्याला ही गोष्ट निराळी समजावून सांगावी लागणार नाहीं. पाणी छातीला भिडतांच श्वास आपोआप आंत ओढला जातो. पुढें तो अडखळत, धापा टाकल्यासारखा चालूं लागतो आणि ओठांवरचा मंत्र अर्ध्यावरच तुटतो. दोन-तीन मिनिटांत हें वादळ शमतें व स्नान करणारा हंसत वर येतो. पायाखालीं घाटाची पायरी असते, म्हणून तो हंसतो. तीच धाप भर समुद्रांत, लाट डोक्यावरून जात असतां लागली, तर माणसाला पोहतां येतें कीं नाहीं हा प्रश्न उपस्थित होण्यापूर्वींच निकाल लागण्याचा संभव असतो.

समुद्रांत मेलेल्या माणसाविषयीं जगानें शतकानुशतकें एकच शब्द वापरला: 'बुडाला'. त्या शब्दापलीकडे पाहणाऱ्या पहिल्या कांहीं लोकांत लिव्हरपूलचे डॉक्टर जेम्स करी यांची गणना करावी लागेल. १७९० च्या डिसेंबरांत मर्सी नदीच्या मुखाशीं एक अमेरिकन जहाज वाळूच्या उथळ पट्ट्यावर आदळून फुटलें. जहाजावरचे चौदा जण त्याच्या एका मोडक्या भागाला धरून तेवीस तास राहिले. दुसऱ्या दिवशीं किनाऱ्यावरून होडी गेली तेव्हां त्यांतले अकरा जिवंत होते, आणि ते सगळे पुढें बरे झाले. तिघे मेले. त्यांत एक आचारी होता. तो मुळांतच अशक्त. पण उरलेले दोघे, एक त्या जहाजाचा कप्तान व दुसरा प्रवासी म्हणून आलेला एक कप्तान, चांगले धट्टेकट्टे होते. विशेष हें कीं बाकीचे खलाशी पाण्यांत होते आणि हे दोघे बव्हंशीं पाण्याबाहेर, वाऱ्यांत आणि हिमवर्षावांत बसलेले होते!

सामान्य माणसानें याला दैवगति म्हणून सोडून दिलें असतें. करी यांनीं मात्र त्यांत प्रश्न पाहिला. आपल्या घरांतला माठ ज्या न्यायानें पाणी गार करतो, त्याच न्यायानें ओल्या अंगावरून वाहणारा वारा शरीराची ऊब हिरावून नेतो, हें आज शाळकरी मुलालाहि उमगेल. पण अनुमानावर न थांबतां करी यांनीं निरोगी माणसांना चाळीस अंश फॅरनहाइटच्या आसपासच्या खाऱ्या पाण्यांत बसवलें व त्यांच्या जिभेखालीं पाऱ्याचा थर्मामीटर ठेवून आंकडे टिपले. वैद्यांनीं रोग्याजवळ थर्मामीटर नेणें रूढ होण्यास त्या वेळीं आणखी सुमारें पाऊणशे वर्षें होतीं. त्यांना आणखी एक चमत्कारिक गोष्ट आढळली. पाण्यांतून बाहेर काढल्यावरहि माणसाची उष्णता कांहीं काळ उतरतच राहते. १७९२ मध्यें रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत हें सर्व छापून आलें, १७९७ मध्यें त्यांचा ग्रंथहि निघाला. पुढें करी यांचें नांव राहिलें तें मुख्यतः तापावर थंड पाण्याचा उपचार करणारे वैद्य म्हणून, आणि कवि रॉबर्ट बर्न्स यांच्या काव्याचे संपादक म्हणून. जहाज फुटलेल्या खलाशांची गोष्ट बाजूला पडली.

त्या विस्मृतीची किंमत १९१२ सालीं दिसली. १५ एप्रिलच्या पहांटे २ वाजून २० मिनिटांनीं 'टायटॅनिक' अटलांटिक महासागराच्या तळाशीं गेली. समुद्र शांत होता, पुष्कळांच्या अंगावर बुचाचे तरंगपट्टे होते, पण पाण्याचें तपमान उणें दोन अंश सेल्सिअस होतें. सुमारें पावणेदोन तासांनीं 'कार्पेथिया' येऊन पोहोंचली तेव्हां पट्ट्यांच्या आधारानें डोकीं पाण्यावर ठेवून तरंगणारीं शेंकडों माणसें मृत झालेलीं होतीं. एकंदर सुमारें दीड हजार लोक गेले, आणि 'बुडून मृत्यु' हीच त्यांच्याविषयींची रूढ नोंद झाली. त्यानंतर जहाजांवर सर्वांना पुरतील इतक्या होड्या ठेवण्याची सक्ति आली. थंडीचा विचार मात्र फारसा झाला नाहीं.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्यें, ब्रिटिश आरमाराच्या टॅलबट समितीनें हिशेब मांडला तो हृदयद्रावक आहे. आरमाराचे जे सुमारें ४५,००० लोक युद्धांत गेले, त्यांपैकीं दोन-तृतीयांश, म्हणजे सुमारें ३०,०००, जहाज सोडल्यानंतर मेले. शत्रूच्या तोफेंतून व पाणतीरांतून ते सुटले होते.

याच युद्धांतलें एक काळें प्रकरण येथें टाळतां येत नाहीं. १९४२-४३ मध्यें डाखाउच्या छळछावणींत नाझी डॉक्टरांनीं कैद्यांना बर्फाच्या पाण्यांत घातलें. सुमारें तीनशे जणांपैकीं ऐंशींहून अधिक मारले गेले. ह्या क्रौर्यांतून निदान ज्ञान तरी निघालें, असें म्हणणारे लोक पुढें बरींच वर्षें होते. १९९० मध्यें रॉबर्ट बर्गर यांनीं त्या कागदपत्रांची छाननी केली तेव्हां तीं टिपणें विसंगत, अपुरीं व अविश्वसनीय असल्याचें उघड झालें. तें ज्ञानहि नव्हतें.

खरें काम झालें तें स्वखुशीनें पाण्यांत उतरलेल्या लोकांवर आणि दुर्घटनांच्या बारकाईनें केलेल्या चौकशींत. १९६३ च्या डिसेंबरांत मदैरा बेटाजवळ 'लाकोनिया' ह्या प्रवासी जहाजास आग लागली व सुमारें सव्वाशे माणसें दगावलीं. विल्यम कीटिंग ह्या इंग्रज शरीरशास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं बहुतेकांचा बळी थंडीनेंच घेतला. पाणी होतें सुमारें १८ अंश सेल्सिअस! एवढ्या तपमानाच्या हवेंत मुंबईकर हिंवाळ्याचें कौतुक करीत फिरावयास निघतो. पण पाणी हवेपेक्षां सुमारें पंचवीस पट वेगानें उष्णता वाहून नेतें. (अंगावर चरबी असणारे ह्या परीक्षेंत अधिक काळ टिकतात, सडपातळ मंडळींनीं हा अन्याय सोसलाच पाहिजे.) पुढें १९८९ मध्यें माइक टिप्टन यांनीं पहिल्या कांहीं मिनिटांतील त्या धापेचा पद्धतशीर आढावा घेतला. त्यानंतर हातापायांचे स्नायू थंड पडून चांगला पोहणाराहि पोहूं शकत नाहीं, आणि शरीराचा गाभा थंड होण्याची पाळी येते ती बहुधा अर्ध्या तासानंतर.

राहिलें तें करी यांना आढळलेलें कोडें. कित्येक खलाशी पाण्यांत शुद्धीवर असत, दोर पकडीत, आणि जहाजाच्या कठड्याशीं येतांच कोसळत. पुष्कळ दिवस याचा दोष हातापायांतून हृदयाकडे परतणाऱ्या गार रक्तावर ठेवला गेला. ब्रिटिश आरमाराचे डॉक्टर फ्रँक गोल्डन व त्यांचे सहकारी यांनीं निराळें उत्तर पुढें आणलें. गळ्यापर्यंत पाण्यांत असलेल्या माणसाच्या पायांवर व पोटावर पाण्याचा दाब पडतो, आणि तिकडचें रक्त छातींत लोटलें जातें. हृदय भरून येतें. शरीराची समजूत होते कीं रक्त फाजील झालें आहे, म्हणून मूत्रपिंडें पाणी बाहेर टाकूं लागतात. असा माणूस तासाभरानें काखेंत दोर घालून उभा वर ओढला कीं पाण्याचा आधार क्षणांत नाहींसा होतो, रक्त पायांकडे उतरतें, रक्तदाब घसरतो, आणि गारठलेलें हृदय ही तूट भरून काढूं शकत नाहीं. ज्या दोरानें त्याला वांचवावयाचें, तोच त्याचा घात करतो.

म्हणून आतां हेलिकॉप्टरमधून सोडलेले पट्टे अशा वेळीं दोन असतात: एक काखेखालीं, दुसरा गुडघ्यांखालीं. माणूस शक्य तेवढा आडवा उचलला जातो, आणि जहाजावर आणल्यावरहि त्याला चालूं न देतां निजवूनच ठेवतात.