उदात्त (निसर्गचित्रणातील)

अफाट किंवा भयंकर निसर्गासमोर माणसाला वाटणारी भीती आणि त्या भीतीतच मिसळलेला आनंद यांना कलाविचारात उदात्ताची अनुभूती म्हणतात. विचारवंत एडमंड बर्कने १७५७ मध्ये सुंदर आणि उदात्त वेगळे केले. लहान, गुळगुळीत, नाजूक ते सुंदर. विशाल, अंधूक, बलाढ्य ते उदात्त. मात्र पाहणारा सुरक्षित हवा. संकट अंगावर आले की उरते ते निव्वळ भय. भारतीय रसविचारातील अद्भुत व भयानक हे रस या कल्पनेच्या जवळचे, पण भीती आणि आनंदाची सरमिसळ त्यांपैकी एकातही नाही. युरोपात चित्रकार टर्नरची वादळे आणि फ्रीडरिखची धुक्याकडे पाहणारी पाठमोरी माणसे ही उदात्ताची ठळक उदाहरणे.

सह्याद्रीने चित्रकाराला वेगळाच पेच घातला. लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेल्या या डोंगरांना आल्प्ससारखी हिमशिखरे नाहीत. शेलू-नेरळच्या भातखाचरांतून माथेरान दिसते ते सपाट माथ्याचे, उभ्या कड्यांचे. म्हणून येथील उदात्त उंचीपेक्षा तुटलेपणात आहे : खालून पाहावे तर भिंत, वरून पाहावे तर दरी. पावसाळ्यात ढग कड्याचा पाया झाकतात आणि बर्कला अभिप्रेत असलेली अंधूकता आपोआप साधते.

खालापूर तालुक्यातून चढणारा बोरघाट युरोपीय चित्रकारांच्या वाटेवरच होता. दर्यावर्दी फ्लिंडर्सच्या ऑस्ट्रेलिया-मोहिमेवरील चित्रकार विल्यम वेस्टॉल १८०४ मध्ये मुंबईहून या डोंगरांत आणि कार्ल्याच्या लेण्यांपर्यंत गेला. रॉबर्ट ग्रिंडलेच्या पश्चिम भारतविषयक चित्रग्रंथात (१८२६–३०) बोरघाट आहे, तसेच मुंबई बंदरावर चालून येणारा मोसमी पाऊसही. काळवंडलेले आभाळ आणि त्याखालची इवली जहाजे हे त्या चित्राचे खरे बळ.

अशा चित्रांतील माणसे बहुधा मोजपट्टीपुरती असतात. त्यांच्या चिमुकलेपणावरून डोंगराची भव्यता कळते, पण याच डोंगरांत राहणाऱ्या ठाकर-कातकऱ्यांना कडा ही रोजची वाट आहे, हे मात्र चित्रातून कळत नाही. दुरून आलेल्याची नजर हा या परंपरेचा गाभा आणि तिची उणीवही.

१८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि कड्याचा दरारा प्रवाशापुरता ओसरला. पुढे मराठी चित्रकारांनी जलरंगातील निसर्गचित्रण आपलेसे केले, तरी त्यांचा ओढा बव्हंशी सुंदराकडे राहिला. आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांची कोल्हापूरच्या कोटितीर्थाची चित्रे शांत पाण्यावरच्या प्रकाशाची आहेत. त्यांत पाहणारा काठावर उभा असतो, कड्यावर नव्हे.