चित्रासमोरचे व्याख्यान : हार्वर्डच्या फॉग संग्रहालयाची परंपरा

कलासंग्रहालय म्हटले की शांतता, काचेच्या पेट्या आणि 'हात लावू नये' अशा पाट्या डोळ्यांसमोर येतात. विद्यापीठाचे कलासंग्रहालय मात्र याहून थोडे वेगळे असते. तेथे वस्तू पाहण्याइतकेच तिच्याविषयी बोलणे, ऐकणे आणि वाद घालणे महत्त्वाचे मानले जाते. अमेरिकेतील केंब्रिज येथील हार्वर्ड विद्यापीठाचे फॉग कलासंग्रहालय हे या परंपरेचे एक ठळक उदाहरण होय. विशेष म्हणजे या संग्रहालयाच्या इतिहासाची सुरुवातच ऐकू न येणाऱ्या व्याख्यानांपासून झाली.

सभागृह आणि पाच सेकंदांचा निनाद

व्यापारी विल्यम हेज फॉग यांच्या स्मरणार्थ त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी दिलेल्या देणगीतून हे संग्रहालय उभे राहिले आणि १८९५ मध्ये खुले झाले. वास्तुविशारद होते रिचर्ड मॉरिस हंट. प्रारंभी संग्रहात अस्सल कलाकृतींपेक्षा प्लास्टरच्या प्रतिकृती व छायाचित्रेच अधिक होती. कारण मुख्य उद्देश अध्यापनाचा होता. त्यासाठी इमारतीत एक मोठे व्याख्यानगृह बांधण्यात आले. परंतु व्याख्यात्याने उच्चारलेला शब्द तेथे सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. पहिला शब्द विरण्यापूर्वीच पुढचे दहा-बारा शब्द त्यावर येऊन आदळत. साहजिकच श्रोत्यांच्या पदरी काहीच पडत नसे.

हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी हा दोष दूर करण्याचे काम भौतिकशास्त्राचे तरुण प्राध्यापक वॉलेस सबीन यांच्यावर सोपवले. सबीन यांनी जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणाव्यात, त्या व्याख्यानगृहात मांडाव्यात, ऑर्गनची नळी वाजवावी आणि आवाज विरेपर्यंतचा काळ मोजावा, असा क्रम महिनोन्‌महिने चालला. पहाट होण्यापूर्वी गाद्या परत जागेवर ठेवल्या जात. या खटाटोपातून एक साधा नियम हाती आला : निनादाचा काळ दालनाच्या घनफळाच्या समप्रमाणात आणि दालनातील ध्वनिशोषणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. १८९८ मध्ये हे सूत्र सिद्ध झाले आणि १९०० मध्ये उघडलेल्या बोस्टनच्या सिंफनी हॉलच्या रचनेत त्याचा उपयोग झाला. वास्तुध्वनिशास्त्र या शाखेचा जन्म असा एका कलासंग्रहालयाच्या व्याख्यानगृहात झाला. ती मूळ इमारत १९७३ मध्ये पाडण्यात आली. सूत्र मात्र आजही जगभर वापरले जाते.

वस्तू हाती घेऊन शिक्षण

१९२७ मध्ये संग्रहालय क्विन्सी रस्त्यावरील नव्या इमारतीत आले. तेव्हा संचालक होते एडवर्ड फोर्ब्स आणि त्यांचे सहकारी होते पॉल सॅक्स. चित्र समजून घ्यायचे तर ते कशाचे बनले आहे हे कळले पाहिजे, असा फोर्ब्स यांचा आग्रह होता. त्यांनी जगभरातून रंगद्रव्ये गोळा केली. तो संग्रह आज अडीच हजारांहून अधिक नमुन्यांचा झाला असून बनावट चित्रे ओळखण्यासाठीही तो उपयोगी पडतो. चित्रांची क्ष-किरणांनी तपासणी करण्याचे कामही येथे १९२० च्या दशकातच सुरू झाले.

सॅक्स यांनी १९२१ पासून सुमारे पाव शतक 'संग्रहालय अभ्यासक्रम' चालवला. विद्यार्थ्यांपुढे वस्तू ठेवायची, ती निरखायला लावायची आणि मग तिच्याविषयी बोलते करायचे, ही त्यांची रीत होती. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचे पहिले संचालक आल्फ्रेड बार हे याच वर्गात बसले होते. अमेरिकेतील अनेक संग्रहालयांचे अभिरक्षक आणि संचालक येथूनच घडले. संग्रहालय आणि अध्यापन यांचा हा सांधा पुढेही टिकला. मुंबईच्या तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजेच आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, काम केलेले कलेतिहासकार प्रमोद चंद्र हे कालांतराने हार्वर्डमध्ये भारतीय कलेचे प्राध्यापक झाले, ही मराठी वाचकांना जवळची वाटावी अशी बाब.

दुपारी चार वाजता

तथापि, विद्यापीठाच्या संग्रहालयाची खरी कसोटी लागते ती स्वतःच्या चुकीविषयी बोलताना. १९६० च्या दशकाच्या आरंभी हार्वर्डने ख्यातनाम चित्रकार मार्क रॉथको यांच्याकडून भव्य चित्रे करवून घेतली. त्यांपैकी पाच चित्रे १९६४ मध्ये विद्यापीठाच्या होल्योक सेंटर या इमारतीच्या वरच्या मजल्यावरील भोजनकक्षात लावण्यात आली. कक्षाला मोठमोठ्या काचेच्या खिडक्या होत्या, आणि रॉथको यांनी वापरलेले लिथॉल रेड हे तांबडे रंगद्रव्य उन्हात टिकणारे नव्हते. काही वर्षांतच गडद किरमिजी रंग फिका पडत गेला. अखेर १९७९ मध्ये चित्रे उतरवून कोठारात ठेवावी लागली. एका थोर कलावंताच्या कामाची ही हानी विद्यापीठाच्या छताखालीच झाली होती.

त्यावर पुन्हा रंग चढवणे शक्य नव्हते. तसे केल्यास रॉथको यांचा मूळ हात कायमचा झाकला गेला असता. हार्वर्डचे जतनतज्ज्ञ आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे संशोधक यांनी वेगळाच मार्ग शोधला. १९६४ मधील रंगीत छायाचित्रे आणि कधीच न लावलेले सहावे चित्र यांच्या आधारे मूळ रंग निश्चित केले गेले. मग प्रत्येक चित्रावर प्रोजेक्टरने अशा हिशेबाने प्रकाश टाकण्यात आला, की उडालेला रंग डोळ्यांना पुन्हा दिसावा. कॅनव्हासला मात्र स्पर्शही झाला नाही. हे प्रदर्शन नोव्हेंबर २०१४ ते जुलै २०१५ या काळात भरले होते.

रोज दुपारी चार वाजता हे प्रोजेक्टर बंद केले जात. क्षणापूर्वीची गडद चित्रे प्रेक्षकांच्या देखत फिकी होत. मूळ चित्र कोणते? प्रकाशाने रंगवलेले, की समोर उरलेले? दुरुस्ती म्हणजे नेमके काय, आणि कलावंताचा हेतू कोण ठरवणार? या प्रश्नांवर तज्ज्ञांमध्ये एकमत नव्हते आणि आजही नाही. तो मतभेद बंद खोलीतील चर्चासत्रात न दडवता सामान्य प्रेक्षकासमोर मांडला गेला, हे या प्रयोगाचे मोल.

दार उघडे ठेवण्याची जबाबदारी

२०१४ मध्ये रेन्झो पियानो यांच्या आराखड्यानुसार नूतनीकरण होऊन फॉग, बुश-राइसिंगर आणि सॅकलर ही हार्वर्डची तिन्ही कलासंग्रहालये एका छताखाली आली. नव्या वास्तूत व्याख्यानगृह आहे, तसेच एक कला-अभ्यासकेंद्रही आहे. प्रदर्शनात नसलेली कलाकृती पूर्वनियोजित वेळ घेऊन तेथे जवळून पाहता येते, आणि त्यासाठी विद्यापीठाचा विद्यार्थी असण्याची अट नाही. दालनांत उभ्याउभ्या होणारी छोटी व्याख्याने हा तेथील नित्याचा उपक्रम आहे. २०२३ पासून सर्वांना प्रवेश विनामूल्य झाला.

मोठ्या सभागृहातील भाषणात वक्ता पडद्यावरचे छायाचित्र दाखवतो आणि श्रोता ते मान्य करतो. मूळ कृतीसमोर मात्र श्रोत्यालाही स्वतःचे डोळे असतात. वक्ता सांगतो ते दिसते का, हे तो तत्क्षणी पडताळू शकतो. विद्यापीठाच्या संग्रहालयातील व्याख्यान हे केवळ मनोरंजन ठरत नाही ते याच कारणाने. सबीन यांनी गाद्या वाहून शब्द ऐकू येण्याची सोय केली. ऐकलेले पडताळून पाहण्याची सोय ठेवणे हे त्यापुढचे काम, आणि ते प्रत्येक पिढीला नव्याने करावे लागते.