उशाशी बसलेले विद्यार्थी

हृदय वा फुप्फुसावरील शस्त्रक्रिया पार पडली, की नातलग शल्यविशारदास हात जोडतात. पुढची रात्र रुग्णाच्या उशाशी जागून काढतो तो निवासी डॉक्टर. त्याच्या शिक्षणाचे मूळ शोधू लागलो, की आम्हांस १९५२ सालच्या कोपनहेगनला जावे लागते.

त्या वर्षी तेथे पोलिओची भयंकर साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण ब्लेगदम रुग्णालयात येऊ लागले. शरीर पेटीत ठेवून श्वास चालविणारे यंत्र मात्र एकच होते. पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. रक्तात बायकार्बोनेट वाढलेले दिसे; डॉक्टर त्यास अल्कलीचे आधिक्य समजत. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांचे निदान निराळे होते: श्वास अपुरा पडल्याने कार्बन डाय-ऑक्साइड साचतो आहे. २७ ऑगस्ट रोजी बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेस छेद देऊन नळी बसविण्यात आली आणि इब्सेन यांनी रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरली. शस्त्रक्रियागृहातील रीत त्यांनी रुग्णाच्या खाटेपाशी आणली. मुलगी वाचली.

पण शेकडो रुग्णांसाठी अहोरात्र पिशवी दाबायची कोणी? सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने बसले. बोलू न शकणाऱ्या मुलाच्या ओठांचा रंग आणि कपाळावरचा घाम हेच त्यांचे क्रमिक पुस्तक झाले. मृत्युप्रमाण निम्म्याहून खाली आले. तरी कित्येकांच्या हाताखालीच रुग्ण गेले. डिसेंबर १९५३ मध्ये इब्सेन यांनी त्याच शहरात अतिदक्षता विभाग उघडला.

शस्त्रक्रियेनंतरचे तास किती कठीण असतात, हे मुंबईनेही पाहिले. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयारोपण केले. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील विरोधापुढे नवे हृदय टिकले नाही. रुग्ण सुमारे तीन तासांत गेला. हृदय आणि फुप्फुस वेगळे वाचता येत नाहीत, हा धडा निवासी डॉक्टरास खाटेपाशीच गिरवावा लागतो.

आज पिशवीची जागा यंत्राने घेतली आहे. पण यंत्राचा आकडा आणि रुग्णाचा चेहरा यांत मेळ नसेल, तर तो ओळखणारा डोळा अजून माणसाचाच लागतो. तो तयार करावयाचा, तर शिकणाऱ्यास रात्री एकटे सोडून चालणार नाही. त्याच्या हाती प्राण सोपवावे, पण पाठीशी जाणता उभा असावा. कोपनहेगनच्या त्या विद्यार्थ्यांचे ऋण आम्ही असेच फेडू शकतो.