सिफरपासून संगणकापर्यंत : कुलूप उघडे, किल्ली गुप्त

संगणकाची सुरक्षितता हा विषय आता केवळ तज्ज्ञांचा राहिलेला नाही. बँकेचे व्यवहार, शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षेचे निकाल, परदेशी नोकरीला गेलेल्या मुलाशी होणारे बोलणे, हे सारे आज मोबाइलच्या पडद्यावरून चालते. साहजिकच या विषयावर प्रत्येकाचे काही ना काही मत बनलेले आहे. त्यांपैकी तीन मते तर घरोघरी ऐकू येतात. पहिले असे की, ज्याची रचना कोणालाच ठाऊक नाही ते सर्वांत सुरक्षित. दुसरे असे की, ज्याच्या मनात पाप नाही त्याला कुलपाची गरज काय? आणि तिसरे असे की, प्रत्येक कुलपाची एक जादा किल्ली सरकारजवळ असावी, म्हणजे गुन्हेगार आपोआप सापडतील.

ही मते वरवर पाहता शहाणपणाची वाटतात. परंतु गुप्तलिपीचा इतिहास अकराशे वर्षांहून जुना आहे आणि त्याने या तिन्ही मतांची वेळोवेळी परीक्षा घेतलेली आहे. त्या परीक्षेत काय निष्पन्न झाले, हे विद्यार्थ्यांना आणि पालकांना सांगावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बगदादची देणगी

गुप्तलिपीला इंग्रजीत ‘सायफर’ म्हणतात. हा शब्द अरबी ‘सिफ्र’ या शब्दापासून आला. सिफ्र म्हणजे रिकामे, शून्य. भारतातील शून्य अरबांनी आपलेसे केले, त्याला हे नाव दिले आणि ते युरोपात पोहोचविले. पुढे युरोपात त्याच शब्दाला अंक आणि नंतर गुप्त लिखाण असे अर्थ चिकटले. उर्दूत आपण शून्याला आजही ‘सिफर’च म्हणतो.

परंतु अरबांची खरी देणगी याहून मोठी आहे. आठव्या शतकात बसरा येथे खलील इब्न अहमद नावाचे थोर भाषापंडित होऊन गेले. अरबी छंदशास्त्राचे ते जनक, अरबीच्या पहिल्या मोठ्या शब्दकोशाचे कर्ते. त्यांच्याविषयी असे सांगतात की, ग्रीक भाषेतील एक गुप्त पत्र त्यांच्यासमोर आले तेव्हा त्यांनी विचार केला : पत्राचा प्रारंभ ईश्वराच्या नावाने झालेला असणार! त्या अंदाजावरून त्यांनी पहिली काही अक्षरे बसविली आणि तेवढ्या धाग्यावरून सारे पत्र उलगडले.

त्यानंतर नवव्या शतकात अबू यूसुफ याकूब अल-किंदी यांनी या कलेचे शास्त्र बनविले. अल-किंदी यांचा जन्म इ. स. ८०१ च्या सुमारास कूफा येथे झाला. खलिफा मामून आणि मुअतसिम यांच्या काळात ते बगदादला नावारूपास आले. तत्त्वज्ञान, गणित, वैद्यक, संगीत असा एकही प्रांत त्यांनी सोडला नाही. ‘अरबांचे तत्त्वज्ञ’ ही त्यांची ओळख आजही कायम आहे. गुप्त लिखाण उलगडण्यावर त्यांनी एक रिसाला लिहिला. तो कित्येक शतके विस्मरणात गेला होता. इस्तंबूलच्या सुलेमानिया ग्रंथालयातील त्याची हस्तलिखित प्रत दमास्कसच्या अभ्यासकांनी १९८० च्या दशकात प्रकाशात आणली.

अल-किंदी यांची युक्ती साधी आहे. प्रत्येक भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित येतात. मराठीचेच पाहा ना. र, त, य ही अक्षरे ओळीओळीत भेटतात, तर ङ किंवा ञ शोधूनही सापडत नाही. आता कोणी प्रत्येक अक्षराऐवजी निराळी खूण ठरवून मजकूर लिहिला, तरी अक्षराची खोड जात नाही. र च्या जागी चांदणी काढली तर ती चांदणीच वारंवार येऊ लागते. म्हणून अल-किंदी सांगतात, त्याच भाषेतील पुरेसा मोठा साधा मजकूर घ्या, त्यातील अक्षरे मोजा. मग गुप्त मजकुरातील खुणा मोजा. आणि जास्तीची जोडी जास्तीशी, कमीची कमीशी लावून पाहा. कुलूप आपोआप खिळखिळे होते.

हा शोध बगदादलाच का लागला? त्या नगरीत कागद मुबलक होता, निरनिराळ्या भाषांतील ग्रंथांची भाषांतरे चालू होती, व्याकरणकार अक्षरांची व उच्चारांची बारकाईने छाननी करीत होते आणि गणित बहरले होते. भाषा आणि गणित एका छपराखाली नांदले, म्हणूनच हे शास्त्र जन्मले. पुढे इजिप्तमध्ये अल-कलकशंदी यांनी १४१२ साली पूर्ण केलेल्या आपल्या प्रचंड ग्रंथात गुप्तलिपीला स्वतंत्र जागा दिली.

महाराष्ट्रातील दाखला

असाच एक दाखला आपल्या महाराष्ट्रातही आहे. चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथीयांनी आपले मराठी ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. अक्षराच्या जागी दुसरे अक्षर वा खूण, अशीच त्यांची रीत होती. कित्येक शतके बाहेरच्या कोणाला ते वाचता आले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीचा उलगडा केला आणि मराठीच्या आद्य गद्याचा मोठा ठेवा अभ्यासकांना खुला झाला. ज्या लिपीची सारी भिस्त ‘रीत कोणाला कळू नये’ एवढ्यावरच असते, ती चिकाटीच्या अभ्यासकापुढे अखेर टिकत नाही, हे यावरून दिसते.

पहिल्या मताचा निकाल

हीच गोष्ट १८८३ साली ऑग्युस्ट केरकॉफ्स या जन्माने डच, पण फ्रान्समध्ये अध्यापन करणाऱ्या भाषापंडिताने नियमरूपाने मांडली. त्यांचे म्हणणे असे : गुप्तलिपीची रीत शत्रूच्या हाती पडली तरी काही बिघडता कामा नये, गुप्त राहावी ती केवळ किल्ली. याचे कारण उघड आहे. रीत हजारो लोक वापरतात, ती आज ना उद्या फुटणारच. किल्ली मात्र केव्हाही बदलता येते.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचा आपल्या एनिग्मा यंत्रावर गाढ विश्वास होता. परंतु मारियन रेयेव्स्की व त्यांच्या पोलिश सहकाऱ्यांनी १९३२ पासूनच त्या यंत्राचा गणिताने माग काढला होता. पुढे इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे ॲलन ट्युरिंग आदी मंडळींनी ते काम तडीस नेले. त्यांचे एक मोठे साधन कोणते? हवामानाच्या वार्तेसारखे ठराविक साच्याचे संदेश! मजकुरात अमुक शब्द असणारच, असे धरून ते चालत. बसऱ्याच्या खलील यांची युक्तीच अकराशे वर्षांनी पुन्हा कामाला आली. आजही जन्मतारीख किंवा मुलाचे नाव पासवर्ड म्हणून ठेवणारा मनुष्य जर्मन तारायंत्र्यांचीच चूक करीत असतो. सवय ही अंदाजाला फार सोपी असते.

१९७७ साली अमेरिकेने संगणकांसाठी डीईएस नावाची प्रमाण गुप्तलिपी स्वीकारली. तिची रीत प्रसिद्ध केली होती, पण ती तशी का रचली याची कारणे मात्र झाकून ठेवली. साहजिकच शंकाकुशंका निघाल्या. तिची किल्ली ५६ बिटांची, म्हणजे सुमारे ७२ हजार लाख कोटी किल्ल्यांतून एक. हा आकडा ऐकून सामान्य माणूस थक्क होईल. परंतु स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मार्टिन हेलमन आणि त्यांचे सहकारी व्हिटफील्ड डिफी यांनी ही किल्ली तोकडी असल्याचे त्याच वेळी बजावले होते. १९९८ साली इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने अडीच लाख डॉलरपेक्षा कमी खर्चात एक यंत्र बनवून ५६ तासांत ती शोधून दाखविली.

यावरून धडा घेऊन पुढील प्रमाण लिपी निवडताना खुली स्पर्धा ठेवण्यात आली. १९९८ मध्ये निरनिराळ्या देशांतून आलेले १५ आराखडे जगापुढे मांडले गेले. ज्याला त्यात खोट दिसेल त्याने दाखवावी, असे खुले आवाहन होते. अखेर दोन बेल्जियन तरुणांचा आराखडा निवडला गेला आणि २००१ मध्ये तो एईएस या नावाने प्रमाण ठरला. आज बँका आणि सरकारी कचेऱ्या याच लिपीवर विसंबून असतात, आणि तिची रीत कोणीही विद्यार्थी वाचू शकतो. लपविलेल्या रचनेपेक्षा हजार डोळ्यांनी तपासलेली रचना अधिक भक्कम, असा पहिल्या मताचा निकाल लागला.

उघड्या कुलपांचा शोध

एक अडचण मात्र बाकी होती. दूरच्या माणसाला किल्ली पोहोचवायची कशी? १९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी यावर नवा मार्ग दाखविला आणि १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी त्या विचाराला आरएसए नावाचे प्रत्यक्ष रूप दिले. कल्पना करा की, मी माझी उघडी कुलपे बाजारात वाटली. कोणीही पेटीत पत्र घालून माझे कुलूप दाबून बंद करावे. पण ते उघडणारी किल्ली माझ्या खिशातच आहे. यामागील गणित शाळेतल्या मुलालाही कळेल. ८९ गुणिले ९७ म्हणजे ८६३३, हे कागदावर क्षणात येते. उलट ८६३३ हा कोणत्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार, हे विचारले तर घाम फुटतो. संख्या शेकडो आकड्यांच्या घेतल्या की आजचे संगणकही थकतात.

याच शाखेत कैरो येथे शिकलेल्या ताहेर एलगमल यांनी १९८५ साली आपली स्वतंत्र पद्धती प्रसिद्ध केली. पुढे नेटस्केप कंपनीत असताना संकेतस्थळांवरील सुरक्षित व्यवहारांची पायाभरणी करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. २००२ साली आयआयटी कानपूरचे मणीन्द्र अगरवाल आणि त्यांचे दोन तरुण विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी, एखादी संख्या मूळ आहे की नाही हे ठरविण्याची नवी रीत शोधली आणि साऱ्या जगाचे लक्ष वेधून घेतले. हे काम केवळ पाश्चात्त्यांचेच, असे आमच्या मुलांनी समजण्याचे कारण नाही.

पाप नसलेल्याचे कुलूप

आता दुसरे मत. आपण खुशाली पोस्टकार्डावर लिहीत असू, पण मुलीच्या सोयरिकीचा किंवा देण्याघेण्याचा मजकूर पाकिटात घालीत असू. त्यात पाप नव्हते. घरची अब्रू होती. दवाखान्याचे कागद, बँकेचा आकडा, वकिलाशी केलेली मसलत या साऱ्यांना पाकीट लागतेच. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निर्णय दिला की, खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. त्या हक्काला मर्यादा असू शकतात, पण त्या कायद्याने, योग्य हेतूने आणि प्रमाणात असाव्यात, हेही त्या निकालातून स्पष्ट झाले.

जादा किल्लीचा प्रश्न

तिसरे मत अधिक विचार करण्याजोगे आहे. दहशतवादी, मुलांना नासविणारे, अफवा पसरवून माणसे मारविणारे हेही गुप्त संदेश पाठवितात. पोलिसांनी तपास कसा करावा, हा प्रश्न खोटा नाही. अफवांनी पेटलेल्या जमावाची झळ ज्यांना बसली, त्यांना तो अधिकच खरा वाटेल.

अमेरिकेने १९९३ साली ‘क्लिपर’ नावाची चिप पुढे आणली. तिने जोडलेल्या प्रत्येक टेलिफोनची किल्ली सरकारी यंत्रणेजवळ ठेव म्हणून राहणार होती. १९९४ मध्ये मॅट ब्लेझ या संशोधकाने तिच्यातील मोठी उणीव दाखविली आणि ती योजना बारगळली. ग्रीसमध्ये याहून वाईट घडले. तेथील एका मोबाइल कंपनीच्या यंत्रणेत पोलिसांच्या कायदेशीर तपासासाठी ठेवलेली सोय कोणा अज्ञाताने वापरली आणि २००४-०५ मध्ये खुद्द पंतप्रधानांसह सुमारे शंभर जणांचे फोन महिनोन्महिने चोरून ऐकले. पोलिसांसाठी केलेला दरवाजा आत शिरणारा पोलीस आहे की चोर, हे ओळखत नाही.

आपल्या देशातही हा वाद झाला. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा. त्याच्या कलम ६९ अन्वये विशिष्ट कारणांसाठी सरकार मजकूर उलगडून मागू शकते. सप्टेंबर २०१५ मध्ये एका धोरणाचा मसुदा निघाला. गुप्त लिपीतील संदेशांचा साधा मजकूर नागरिकांनी ९० दिवस जपून ठेवावा, असे त्यात होते. गदारोळ होताच तो लगेच मागे घेण्यात आला. २०२१ च्या नियमांनी मोठ्या संदेशसेवांना संदेशाचा पहिला पाठविणारा दाखवून देण्याची जबाबदारी दिली आणि तो वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. तपासाचे अन्य मार्ग आहेत : न्यायालयाचा हुकूम, जप्त केलेला मोबाइल, साक्षीपुरावा. एका गुन्हेगारासाठी साऱ्या गावाची कुलपे पोकळ करणे हा मार्ग इतिहासाने तरी यशस्वी ठरविलेला नाही.

आपण काय करावे

पालकांना विनंती अशी की, किल्ली जपण्याची सवय घरापासून लावावी. ओटीपी कोणालाही सांगू नये. मागणारा स्वतःला बँकेचा साहेब म्हणवीत असला तरी नाही. प्रत्येक खात्याचा पासवर्ड वेगळा आणि लांब असावा. मोबाइलमधील नव्या सुधारणा वेळेवर घ्याव्यात. आणि मुलगा-मुलगी दोघांनाही गणितापासून दूर जाऊ देऊ नये.

विद्यार्थी मित्रांनो, अल-किंदी हे भाषेचेही जाणकार होते आणि गणिताचेही. आपल्या शाळांतून मराठी, उर्दू, अरबी, इंग्रजी अशा कितीतरी लिप्या तुमच्या डोळ्यांखालून जातात. त्यांतील अक्षरे एकदा मोजून पाहा. मग संगणकावर तीच मोजणी करणारा छोटासा प्रोग्राम लिहून पाहा. इतरांनी बनविलेली कुलपे वापरण्यापुरतेच आपण राहायचे, की ती तपासणाऱ्यांच्या आणि घडविणाऱ्यांच्या पंक्तीत बसायचे, हे तुमच्या अभ्यासावर अवलंबून आहे. बगदादच्या त्या विद्वानाला साधन म्हणून कागद, लेखणी आणि जिज्ञासा एवढेच पुरले होते.